ऑर्व्हलच्या कपाटातले निरोप

बेथ्यून मिलमध्ये लोकांना ज्या गोष्टीचं म्हणून कौतुक, तिची ऑर्व्हल लेगेटला हमखास शिसारी. नाताळची मिरवणूक, शाळेचा फुटबॉल, पाण्याच्या नव्या टाकीवर रंगवलेलं गावाचं नाव, सगळ्यांवर तो सारखंच नाक मुरडायचा. पण तिटकाऱ्याचा मोठा वाटा त्याने एप्रिल महिन्यासाठी राखून ठेवलेला असे. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या सभागृहात 'मिस टॉलिव्हर काउंटी' निवडली जायची, आणि चोवीस वर्षं त्या कार्यक्रमाचे माइक आणि लाउडस्पीकर ऑर्व्हलच सांभाळत होता. एवढा तिटकारा होता तर जायचं कशाला, असं त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

काउंटीतल्या एकुलत्या एका रेडिओ स्टेशनचा तोच निवेदक, तोच मेकॅनिक आणि जाहिराती गोळा करणाराही तोच. साडेसहाला मयतांच्या बातम्या, सातला हवामान, सव्वासातला शाळेत दुपारी काय शिजणार त्याची यादी, आणि मग जुने फ्रीज नि कुत्र्याची पिल्लं विकायची असणाऱ्यांचे फोन. कोरियाच्या लढाईत त्याने सिग्नलच्या तारा ओढल्या होत्या. तिथून एकच विद्या घेऊन तो परतला. रेकॉर्डिंग चालू असताना नजर आवाजाच्या सुईवर ठेवायची. सुई तांबड्या पट्ट्यात शिरली की बटण डावीकडे, मरगळली की उजवीकडे. समोरचं माणूस काय बोलतंय ते ऐकायची त्याला कधी गरज भासली नाही. त्याची बायको ल्यूडी एकोणसत्तर साली त्याला सोडून बर्मिंगहॅमला गेली, तेव्हा तो गावभर सांगत सुटला, "एका शब्दाने बोलली नाही हो." त्यावर ल्यूडीची बहीण पोस्टाच्या रांगेत सगळ्यांदेखत म्हणाली, "अरे, तीन महिने रोज सांगत होती तुला!"

स्पर्धेच्या सर्वेसर्वा इमोजिन थ्रॅशर. ऑर्व्हलबरोबर एका वर्गात शिकलेल्या, पुढे दातांच्या डॉक्टरशी लग्न करून मोठ्या झालेल्या. बाई इतक्या गोड बोलायच्या की ऐकणाऱ्याला चहात आणखी साखर घालायची हिंमत होऊ नये. त्यांनी कुणाला "बिचारी गं" म्हटलं की समजावं, तिचं गावातलं बस्तान उठलं.

"सौंदर्यस्पर्धा म्हणायचं नाही हं, ऑर्व्हल," त्या दरवर्षी बजावायच्या. "शिष्यवृत्ती कार्यक्रम. मुलींना शिक्षण मिळतं, आत्मविश्वास मिळतो. त्यांना स्वतःचा आवाज सापडतो."

"मग पोहायच्या कपड्यात कशाला फिरवतेस त्यांना?"

"तो आरोग्याचा विभाग आहे."

आरोग्याच्या विभागात कपडा वर सरकू नये म्हणून मुलींच्या पार्श्वभागावर केसांचा स्प्रे मारला जाई. हसताना ओठ दातांना चिकटू नयेत म्हणून दातांना व्हॅसलीन. आणि स्वतःचा आवाज सापडावा म्हणून इमोजिनबाई प्रत्येकीला आठ कार्डं देत, त्यांवर प्रश्न आणि उत्तरं टाइप केलेली. जगाची सगळ्यात मोठी अडचण कोणती? निरक्षरता. तुमचा आदर्श कोण? इथे दोन पर्याय होते, गव्हर्नरची बायको किंवा खुद्द इमोजिनबाई. परीक्षक बाहेरच्या काउंटीतून येत, चिकन सॅलड खाऊन सुस्तावत, आणि ती ती पाठ केलेली उत्तरं ऐकून माना डोलावत. ऑर्व्हल मागे आपल्या टेबलाशी बसून हे सगळं बघायचा आणि मनातल्या मनात गावाच्या नावाने आंघोळ करायचा.

त्याला सगळ्यात जास्त चीड होती ती निरोपाची. वर्षभर मुकुट मिरवलेली जुनी राणी नवी निवडली जाण्याआधी शेवटची एक फेरी मारते. त्या फेरीत ती बोलत नाही. तिचं भाषण दोन दिवस आधी टेपवर घेतलेलं असतं. लाउडस्पीकरवरून तिचा आवाज येत राहतो आणि खाली ती नुसती हात हलवत, डोळे टिपत चालते. या टेपा ऑर्व्हलच करायचा. स्टेशनवरच्या पत्र्याच्या कपाटात त्याने त्या सालवार लावून ठेवल्या होत्या. हे वर्ष मला खूप काही शिकवून गेलं. देवाचे आभार, आईबाबांचे आभार, मिस इमोजिन मला आईसारख्या. छोट्या मुलींनो, स्वप्नं बघा. चोवीस टेपा, चोवीस मुली आणि भाषण एकच.

एकच, हे तो उगाच म्हणत नव्हता. अठ्ठ्याहत्तर साली गडबडीत त्याने आदल्या वर्षीची टेप लावली होती. राणी एक आणि आवाज दुसरीचा. टेप निम्मी झाल्यावर ऑर्व्हलच्या ध्यानात आलं आणि त्याला घाम फुटला. पण सभागृहात कोणी चकार शब्द काढला नाही. राणी दुसरीच्या आवाजावर डोळे टिपत चालली. पहिल्या रांगेत तिची आई हुंदके देत होती, आणि नंतर त्याच आईने येऊन त्याचा हात हातात घेतला. "काय सुंदर बोलली हो माझी पोर!" त्या दिवसापासून गावाबद्दलचं ऑर्व्हलचं मत पक्कं झालं, आणि रोटरीच्या बार्बेक्यूत दरवर्षी तो हा किस्सा तिखटमीठ लावून सांगू लागला.

पंच्याऐंशी साली ट्वायला हॅगूड आली. स्पर्धेच्या आधी सगळ्या मुली रेडिओवर आपलं नाव सांगायला येत, तशी ती रांगेत शेवटची उभी होती. तिची आई वर्डी कोंबड्यांच्या कारखान्यात हाडं काढायच्या लाइनवर कामाला. शिक्षिका व्हायच्या कॉलेजला जायचं होतं आणि त्याला शिष्यवृत्तीखेरीज दुसरा मार्ग नव्हता, म्हणून पोरीने अर्ज भरला होता. माइकसमोर उभी राहून तिने नाव सांगितलं आणि सुई जागची हलली नाही.

"बोल की," ऑर्व्हल म्हणाला.

"बोलले," ट्वायला म्हणाली. सुई तशीच.

अशी मुलगी जिंकायची नाही. पण त्या वर्षी बँक मॅनेजरच्या मुलीने पेटवलेल्या काठ्या फिरवायची कला सादर केली आणि त्यातली एक घरंगळत जाऊन परीक्षकांच्या गुणपत्रिकांना लागली. दुसरी एक गाताना कडवं विसरली. ट्वायलाने पियानोवर चर्चमधलं एक गाणं न चुकता वाजवलं. आदर्श कोण असं विचारल्यावर "मिस इमोजिन थ्रॅशर" असं कार्डावरचं उत्तर पुटपुटली, आणि मुकुट तिच्या डोक्यावर बसला. शेवटच्या रांगेत, ऑर्व्हलच्या टेबलाच्या अगदी पुढे, कारखान्यातल्या बायका बसल्या होत्या. त्यांत वर्डी हॅगूड सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. ऑर्व्हलला वाटलं, बघा, ही माणसं म्हणजे दगड, आणि दगडाला कशाचं काय.

राणीच्या कामांत एक काम रेडिओवरचं. दर सोमवारी सकाळी सव्वासातला येऊन शाळेच्या आठवड्याच्या जेवणाची यादी वाचायची. आधीच्या राण्या ती तार वाचल्यासारखी वाचून पळत. ट्वायलाने पहिले दोन महिने ती देवाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात वाचली. ऑर्व्हलचं बटण उजवीकडे टोकाला गेलेलं असे. मग उन्हाळ्याची सुट्टी संपून सप्टेंबरात एके दिवशी यादीत "गुरुवार, मीट लोफ", म्हणजे भाजलेल्या खिम्याची वडी, आलं आणि पोरगी थांबली.

"मीट लोफ मी खाल्लेला आहे," ती माइकमध्ये म्हणाली. "गुरुवारी घरून डबा आणा."

फोन खणखणू लागला. शाळेतली स्वयंपाकीण चिडून बोलली, पण बाकी सगळे हसून. पुढच्या सोमवारी ट्वायलाने कोबीच्या कोशिंबिरीचा समाचार घेतला. त्याच्या पुढच्या सोमवारी मक्याच्या पावाची तारीफ केली, आणि स्वयंपाकिणीने तिच्यासाठी एक आख्खा पाव पाठवून दिला. हिवाळ्यात तर अशी गत झाली की कारखान्यातल्या बायका सव्वासातला पार्किंगमध्ये गाड्यांतच बसून राहायच्या आणि यादी संपली की मगच आत जायच्या. मुकादमाने तक्रार केली, पण त्याची स्वतःची गाडीही तिथेच उभी असायची. पोरगी आता रोटरीत बोलायची, हार्डवेअरच्या दुकानाची फीत कापताना दोन शब्द सांगायची, आणि माइक बिघडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जायचं. इमोजिनबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या, "हा आमच्या कार्यक्रमाचा चमत्कार!" आणि ऑर्व्हल? त्याने बटण जरा डावीकडे आणलं, एवढंच.

निरोपाची टेप करायला ट्वायला पुढच्या एप्रिलात, स्पर्धेआधीच्या गुरुवारी संध्याकाळी आली. तिच्या हातात इमोजिनबाईंनी दिलेला टाइप केलेला कागद होता. तो तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि वहीचं एक पान काढलं. अडीच मिनिटं ती बोलली. ऑर्व्हल सुईकडे बघत होता. एका ठिकाणी सुई उसळून तांबड्यात गेली, त्याने बटण फिरवलं.

"कशी झाली?" तिने विचारलं.

"एकदाच तांबड्यात गेली. बाकी ठीक."

ती तरी उभीच. "मिस्टर ऑर्व्हल, हीच लावाल ना? मिस इमोजिनना दुसरं हवं होतं. पण मला एक चूक सुधारायची आहे, आणि तीही तिथेच, जिथे केली. नंतर मी कॉलेजला जाणार. मग राहूनच जाईल."

"अगं, चोवीस वर्षं हेच करतोय मी. माझ्या हातात जी देशील ती लावणार. शब्द दिला."

शनिवारी दुपारी इमोजिनबाई सभागृहात आल्या, टेप ऐकायची म्हणाल्या, आणि ऐकता ऐकता त्यांच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढत गेली.

"कोंबड्या, ऑर्व्हल! माझ्या कार्यक्रमात कोंबड्या! पहिल्या रांगेत कारखान्याचे मालक बसणार आहेत. आणि मला खोटं पाडतेय ही? मी माणसात आणलं हिला. हिला दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती. बिचारी गं!"

"मग सांग तिला, दुसरी करू."

"आता? तिचे केस बांधणं चाललंय. तू दुसरी लाव."

"दुसरी कुठून आणू?"

"तुझं कपाट भरलंय ना? तूच तर दरवर्षी बार्बेक्यूत सांगतोस, लोक ऐकत नाहीत म्हणून. ज्यात नाव नसेल अशी एखादी लाव."

किस्सा ऑर्व्हलचाच होता. शब्द दिला होता हे त्याला आठवलं. स्टेशनला सगळ्यात जास्त जाहिराती कारखान्याच्या मिळतात, हेही आठवलं. पण खरं सांगायचं तर त्याने इमोजिनबाईंचं ऐकलं ते या दोन्हींमुळे नव्हे. गाव मूर्ख आहे, याची त्याला मनोमन खात्री होती. कुठलीही टेप लावली तरी ही मंडळी डोळेच टिपणार. मग एवढा जीव कशाला जाळायचा? स्टेशनवर जाऊन त्याने एक्याऐंशीची टेप आणली. ट्वायलाची शर्टाच्या खिशात टाकली.

सभागृह भरलं. मोटारी विकणारा एक गृहस्थ सूत्रसंचालन करत होता आणि आपल्याच विनोदांना आपणच हसत होता. शेवटच्या रांगेत कारखान्यातल्या बायका आल्या होत्या, यंदा मागच्या वर्षीच्या दुप्पट. वर्डीने निळा झगा घातला होता आणि हात मांडीवर ठेवले होते. शेवटी दिवे मंद झाले, ट्वायला मुकुट घालून पडद्याआडून पुढे आली, आणि ऑर्व्हलने बटण दाबलं.

"हे वर्ष मला खूप काही शिकवून गेलं," लाउडस्पीकर म्हणाला. पातळ, पाकात घोळलेला आवाज.

ट्वायलाने दोन पावलं टाकली आणि ती थबकली.

ऑर्व्हलने सुईकडे पाहिलं. सुई उत्तम चालली होती. "देवाचे आभार," लाउडस्पीकर म्हणाला, "आईबाबांचे आभार..."

त्याच्या टेबलासमोरच्या शेवटच्या रांगेत खुर्ची करकरली. वर्डी हॅगूड उभी राहिली होती. एकोणीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात शेजारणीशी बोलायची सवय असलेली बाई ती. हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं.

"हा माझ्या ट्वायलाचा आवाज नाही!"

"नाहीच मुळी!" तिच्या शेजारची ओरडली. "दर सोमवारी ऐकतो आम्ही!"

"आमची जेवणवाली कुठाय?" डाव्या अंगाने कुणीतरी पुरुष म्हणाला, आणि मग सगळं सभागृहच चुळबुळायला लागलं. दात काढून हसणाऱ्या सूत्रसंचालकालासुद्धा कळलं. जे गाव अठ्ठ्याहत्तर साली ढिम्म बसलं होतं तेच हे गाव होतं. त्याला एक आवाज ओळखीचा करून दिला होता तो ऑर्व्हलनेच, चाळीस सोमवार, स्वतःच्या हाताने बटण फिरवून. आणि तेवढंच तो विसरला होता.

वर्डी मागे वळली. तिच्या आणि त्याच्या टेबलात हातभर अंतर होतं.

"बंद करा ते," ती म्हणाली.

त्याने बंद केलं. पहिल्या रांगेतून इमोजिनबाई सूत्रसंचालकाला हातवारे करत होत्या, संगीत, संगीत! पण संगीतही ऑर्व्हलच्याच हातात होतं, आणि त्याचे हात चालेनात. ट्वायलाकडे माइक नव्हता. निरोपाच्या फेरीत राणीला माइक देतच नाहीत.

"ती मी नव्हते," ट्वायला म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. "माझं थोडकंच आहे. मागच्या वर्षी इथेच मला विचारलं, तुझा आदर्श कोण. मी म्हणाले, मिस इमोजिन. त्यांनी मला ताठ उभं राहायला शिकवलं, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते. पण ते उत्तर कार्डावरचं होतं. ते खोटं होतं."

ऑर्व्हलची नजर सवयीने सुईकडे गेली. सुई शून्यावर निपचित पडली होती. माइकच नाही तर ती कशी हलणार? बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्याने मान वर केली.

"माझी आई एकोणीस वर्षं कारखान्यात कोंबड्यांची हाडं काढते आहे. तिची दोन बोटं आता मिटत नाहीत. मी ते खोटं उत्तर दिलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या तिने वाजवल्या. त्याच हातांनी. मी बक्षीस घेतलं आणि गप्प बसले. वर्षभर त्या टाळ्या आठवून माझी मलाच लाज वाटली." तिथे तिचा आवाज एकदम चढला. गुरुवारी सुई तांबड्यात गेली होती ती इथेच. "माझा आदर्श वर्डी हॅगूड. ती तिकडे मागे बसलीय. चूक होती, ती सुधारली."

ती वळली, मग परत पुढे आली. "आणि सोमवारी माशाचे तुकडे आहेत. ते चांगले असतात."

लोक हसले, मग उभे राहिले. कारखान्याचे मालकही उभे राहिले, कारण सगळेच उभे होते. इमोजिनबाई टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांचं हसू जागच्या जागी होतं. व्हॅसलीन चांगल्या प्रतीचं असणार. उद्या त्या हेही आपल्याच कार्यक्रमाचं यश म्हणून सांगतील, याबद्दल ऑर्व्हलला तिळभर शंका नव्हती. पण या वेळी त्या विचाराने त्याला नेहमीसारखं बरं वाटलं नाही. दगड म्हणून ज्यांच्याकडे तो इतकी वर्षं बघत आला, त्यांनी एका वाक्यात आवाज ओळखला होता. सभागृहात न ऐकणारं माणूस एकच होतं आणि ते कान सांभाळायच्या टेबलाशी बसलं होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर तारा गुंडाळायच्या सोडून तो पार्किंगमध्ये गेला. वर्डी गाडीला टेकून लेकीची वाट बघत होती. त्याने खिशातून टेप काढली.

"वर्डीबाई, ही खरी. तुमच्या मुलीची. तुम्ही ठेवा."

वर्डीने टेपकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ऑर्व्हल आयुष्यभर ज्या नजरेने गावाकडे बघत आला, तसंच काहीसं तिच्या नजरेत होतं, फक्त तिला त्यातून मजा येत नव्हती.

"मला कशाला?" ती म्हणाली. "मी ऐकलं की. तुमच्याकडेच राहू द्या, मिस्टर ऑर्व्हल. तुमचं ऐकायचं राहिलंय."